अकरावीतला मुलगा गांजा ओढतो असे कळल्यावर : एका मनोविकारतज्ज्ञाचे उत्तर

ताई, आपला प्रश्न प्रथम थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ कळेल. आपण विट्याला राहता. मुलगा सोळा वर्षांचा आहे. दहावीला उत्तम गुण मिळवून त्याने अकरावी सायन्सला प्रवेश घेतला आणि ‘नीट’च्या क्लाससाठी तो जूनपासून सांगलीत विश्रामबागेत खोली घेऊन राहतो. शनिवारी घरी आला असताना कपडे धुवायला काढताना त्याच्या सॅकच्या आतल्या कप्प्यात गांजाची पुडी, गोगो पेपर (गांजा गुंडाळून ओढायचा पातळ कागद) आणि डोळ्यांत टाकायच्या थेंबांची बाटली सापडली. आधी त्याने ते मित्राचे असल्याचे सांगितले, नंतर कबूल केले की आठवड्यातून दोन-तीनदा ओढतो, त्याने झोप लागते, शिवाय ते नैसर्गिक आहे आणि दारूपेक्षा केव्हाही बरे. क्लासच्या चाचण्यांत त्याचे गुण घसरत चालले आहेत. त्याच्या वडिलांचे म्हणणे असे की, त्याला सहा महिने एखाद्या व्यसनमुक्ती केंद्रात टाकावे; ओळखीच्या एकाने दुसऱ्या जिल्ह्यातले एक केंद्र सुचवले आहे आणि तिथली माणसे रात्री गाडी घेऊन येतात. आपण विचारले आहे की, नुकसान नेमके किती होते, घरी लघवीची तपासणी करावी का, केंद्रात पाठवणे योग्य होईल का, आणि पोलिसांचे काय.

मी सांगली-मिरजेत मनोविकारतज्ज्ञ म्हणून बरीच वर्षे काम करतो आणि किशोरवयीन मुलांची व्यसने हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. मुलाला प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय निदान करता येत नाही, त्यामुळे पुढे जे लिहितो ते दिशा म्हणून घ्यावे. आपण प्रश्नाच्या अगदी शेवटी, जाता जाता, एक वाक्य लिहिले आहे : धाकट्या दिरांवर ऐन तरुणपणापासून मिरजेत मानसोपचार सुरू आहेत, त्यांना संशयाचा आजार आहे. माझ्या दृष्टीने आपल्या संपूर्ण प्रश्नातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच आहे. कोणत्याही मुलाने सोळाव्या वर्षी गांजा ओढणे हानिकारकच आहे. पण ज्याच्या रक्ताच्या नात्यात असा आजार आहे, त्या मुलाच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तातडीचा होतो. म्हणून थांबून चालणार नाही, आणि घाबरून त्याला दूर ढकलूनही चालणार नाही.

आधी वयाचे बोलू, कारण मुलांना आणि पुष्कळदा पालकांनाही ही गोष्ट पटलेली नसते. मेंदूचा आकार लहानपणीच जवळजवळ पूर्ण होतो, पण त्याची अंतर्गत रचना पंचविशीपर्यंत घडत राहते. किशोरवयात मज्जापेशींमधल्या वापरात नसलेल्या जोडण्या कमी होतात, उरलेल्या पक्क्या होतात आणि चेतातंतूंवरचे आवरण दाट होऊन संदेश वेगाने जाऊ लागतात. हे काम मेंदूच्या मागच्या भागाकडून पुढच्या भागाकडे सरकत जाते. कपाळामागचा भाग, ज्याच्यावर विचार करून थांबणे, पुढचा अंदाज बांधणे आणि मोह आवरणे अवलंबून असते, तो सर्वांत शेवटी परिपक्व होतो. सुखाची ओढ निर्माण करणारी यंत्रणा मात्र त्याच्या कितीतरी आधी पूर्ण जोमात आलेली असते. आपल्याकडे द्राक्षबागा पुष्कळ, म्हणून हे असे सांगतो : एप्रिलच्या खरडछाटणीनंतरच्या दीड-दोन महिन्यांत काडीवरच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड सूक्ष्म रूपात तयार होत असतो. त्या दिवसांत ढगाळ हवा राहिली आणि काडीला पुरेसे ऊन मिळाले नाही, तरी बाग वरून हिरवीगारच दिसते. ऑक्टोबरची छाटणी झाल्यावर डोळे फुटतात तेव्हा घडाच्या जागी बाळी, म्हणजे फळ न धरणारा नुसता तंतू, निघते. किशोरवयातल्या नशेचे नुकसानही असेच उशिरा दिसते, आणि म्हणूनच मुलगा ‘मला काहीच झालेले नाही’ असे म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत असतो असे नाही.

गांजातला नशा आणणारा घटक म्हणजे टीएचसी. आपल्या मेंदूत याच्याशी मिळतेजुळते रेणू स्वतःहून अत्यल्प प्रमाणात तयार होत असतात आणि मज्जापेशींमधल्या संदेशांचे नियमन करतात. किशोरवयात मेंदूची जुळणी घडवण्यातही त्यांचा वाटा असतो. बाहेरून आलेले टीएचसी त्याच ठिकाणी जाऊन बसते, पण कितीतरी जास्त मात्रेत आणि कितीतरी जास्त वेळ. या जागा स्मरणशक्तीच्या केंद्रात, कपाळामागच्या भागात आणि तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूत दाट असतात. श्वासाचे नियंत्रण करणाऱ्या भागात त्या फार थोड्या असतात. त्यामुळे ‘गांजाने कोणी मरत नाही’ असे मुले म्हणतात त्यात तथ्यांश आहे : अफूजन्य पदार्थांप्रमाणे जास्त मात्रेने श्वास बंद पडण्याचा प्रकार गांजात सहसा होत नाही. हे मी मुलांपुढे मान्य करतो, कारण खोट्या भीतीवर उभे केलेले बोलणे मित्राच्या एका वाक्याने कोसळते. मात्र श्वास बंद पडला नाही म्हणजे हानी झाली नाही, असे नव्हे. वाचलेले लक्षात राहत नाही, एका जागी चित्त टिकत नाही, वेळेचा अंदाज चुकतो. नियमित ओढणाऱ्या मुलात हा परिणाम नशा उतरल्यानंतरही काही दिवस, कधी काही आठवडे रेंगाळतो. शनिवारी रात्री ओढलेल्या गांजाचा सोमवारच्या फिजिक्सच्या चाचणीशी संबंध आहे, हे मुलाच्या लक्षातच येत नाही. त्यातून आपल्याकडे गांजा बहुधा सिगारेटमधली तंबाखू मिसळून ओढतात, म्हणजे एकाच झुरक्यात निकोटीनचीही सवय लागते, आणि गांजा सोडताना ती दुसरी सवय आडवी येते.

दीर्घकालीन परिणामांविषयी दोन अभ्यासांचा उल्लेख करतो, त्यांच्या मर्यादांसह. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ मुलांचा पाठपुरावा अनेक दशके करण्यात आला. किशोरवयात गांजा सुरू करून पुढेही तो चालू ठेवणाऱ्यांत ३८ व्या वर्षापर्यंत बुद्ध्यांक सरासरी सुमारे आठ गुणांनी घसरलेला आढळला. प्रौढ वयात सुरुवात करणाऱ्यांत तशी घसरण दिसली नाही. नंतर जुळ्या भावंडांवर झालेल्या अभ्यासांनी असे दाखवले की, या फरकाचा काही भाग घरच्या परिस्थितीमुळे असू शकतो. तेव्हा आठ हा आकडा मुलाच्या तोंडावर फेकू नये. अवलंबित्वाचे मात्र स्पष्ट आहे : गांजा कधीही घेतलेल्यांपैकी साधारण अकरा जणांत एकाला त्याचे व्यसन जडते, आणि ज्यांनी किशोरवयात सुरुवात केली त्यांच्यात हे प्रमाण सहा जणांत एक इतके वाढते.

दुसरा अभ्यास आपल्या घराच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा. स्वीडनमध्ये सक्तीच्या लष्करी भरतीसाठी आलेल्या सुमारे ४५ हजार तरुणांचा पंधरा वर्षे मागोवा घेण्यात आला आणि त्याचे निष्कर्ष १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. भरतीपर्यंत पन्नासहून अधिक वेळा गांजा घेतलेल्यांत पुढे स्किझोफ्रेनिया, म्हणजे भ्रम आणि संशय निर्माण करणारा मनोविकार, होण्याचे प्रमाण न घेतलेल्यांच्या सहापट होते. इतर कारणे विचारात घेतल्यावर हा आकडा कमी होतो, पण संबंध नाहीसा होत नाही, असे त्यानंतरच्या अभ्यासांतही दिसले. स्किझोफ्रेनिया शंभरात जेमतेम एकाला होतो, म्हणजे जोखीम अनेक पटींनी वाढली तरी गांजा ओढणाऱ्या बहुसंख्य मुलांना तो होणार नाही. पण ज्याच्या सख्ख्या काकांना हा आजार आहे, त्या मुलाची मूळची जोखीमच इतरांपेक्षा जास्त असते आणि गांजाची भर तिच्यावर पडते. आपल्या मुलाला हा आजार होईल असे मी म्हणत नाही. वर्गातल्या दुसऱ्या मुलाला जे पचले ते याला पचेलच असे धरून चालू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

हे कसे दिसते, ते एका उदाहरणावरून सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. वाळवा तालुक्यातल्या एका गावचा सतरा वर्षांचा मुलगा वडिलांबरोबर आला. त्याने खुर्ची फिरवून घेतली, म्हणजे दार डोळ्यांसमोर राहील. मोबाइलच्या पुढच्या आणि मागच्या कॅमेऱ्यावर त्याने पायाला लावायची चिकटपट्टी कापून चिकटवली होती. मेसच्या मावशी भाजीत काही तरी कालवतात अशी खात्री झाल्याने तो बरेच दिवस फक्त केळी आणि बिस्किटे खात होता, कारण केळ्याची साल आणि बिस्किटाचा पुडा फोडलेला आहे की नाही ते कळते. घरच्यांनी आधी करणी समजून देवऋषीकडे नेले होते आणि त्यात महत्त्वाचे आठवडे गेले. तो वर्षभर जवळजवळ रोज गांजा ओढत होता आणि त्याच्या आत्यालाही असाच आजार होता. औषधांनी तो काही आठवड्यांत सावरला. गणपतीत मित्रांबरोबर पुन्हा ओढला आणि सगळी लक्षणे परत आली. आता तो आयटीआय करतो, औषधे घेतो आणि त्या मित्रांना भेटत नाही. गांजा नसता तर आजार झालाच नसता का, हे कोणालाही सांगता येणार नाही. पण गांजा परत आला की आजार परत येतो, हे त्याने स्वतः पाहिले आणि त्यानंतर त्याला समजावण्याची गरज उरली नाही.

आता ‘नैसर्गिक’ या मुद्द्याविषयी. वचनाग आणि धोत्रा याही वनस्पती नैसर्गिकच आहेत आणि आयुर्वेदात त्यांचाही उपयोग आहे. मात्र तो शोधन करून, मोजलेल्या मात्रेत आणि ठरावीक आजारासाठी. गांजातलाच सीबीडी नावाचा दुसरा घटक मुलांमधल्या फिट्सच्या काही दुर्मिळ आजारांत औषध म्हणून वापरला जातो. त्याने नशा येत नाही. टपरीमागे मिळणाऱ्या पुडीत टीएचसी किती आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. आणि दारूशी तुलना करण्यात अर्थ नाही, कारण सोळाव्या वर्षी त्याला दोहोंपैकी एकही निवडायचे नाही.

काय परिस्थितीवर अवलंबून आहे, हेही स्पष्ट केले पाहिजे. कधीमधी मित्रांत एखादा झुरका घेणारा मुलगा आणि रोज एकट्याने खोलीत ओढणारा मुलगा यांच्यात फार अंतर असते. ‘आठवड्यातून दोन-तीनदा’ हे मुलाचे उत्तर प्रामाणिक असू शकते, तरी ते बहुधा कमी असते. मी मुलासमोर मागच्या महिन्याचा कॅलेंडरचा कागद ठेवतो आणि ओढलेल्या दिवसांवर फुल्या मारायला सांगतो. कोणाचा वाढदिवस, कोणती चाचणी, कोणत्या दिवशी खोलीतला सोबती गावी गेला होता असे आठवत आठवत फुल्या वाढत जातात. पुष्कळदा तो कागद भरल्यावर मुलगा स्वतःच गप्प होतो, कारण इतके असल्याचे त्यालाही वाटलेले नसते.

त्याच वेळी इतर पदार्थांविषयी विचारावे लागते. सांगली जिल्ह्यात हे टाळता येत नाही : फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांच्या तपासाचा धागा कुपवाडपर्यंत आला आणि तिथून मेफेड्रोनचा, म्हणजे एमडीचा, मोठा साठा जप्त झाला, जानेवारी २०२५ मध्ये आपल्या विट्याजवळच कार्वे औद्योगिक वसाहतीत एमडी बनवण्याचा उद्योग उघडकीस आला. एमडीने मुलगा रात्रंदिवस जागा राहतो, जेवत नाही, संशयी आणि आक्रमक होतो, आणि त्याची ओढ गांजापेक्षा फार लवकर बसते. व्यायामशाळेत जाणाऱ्या मुलांत मेफेंटरमाइनची इंजेक्शने घेण्याचा प्रकार आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी घसरलेला रक्तदाब वर आणण्यासाठी भूलतज्ज्ञ वापरतात ते हे औषध. त्याने छातीत धडधड, रक्तदाबात धोकादायक वाढ आणि भ्रम होतात, आणि सुई एकमेकांत वापरली तर एचआयव्ही व हिपॅटायटिस होऊ शकतात. लहान वयाच्या, विशेषतः शाळा सोडलेल्या मुलांत व्हाइटनर आणि पंक्चरचे सोल्यूशन हुंगणे अधिक आढळते. मुठीत रुमालाचा चुरगळलेला ओलसर तुकडा, अंगाला रंगाच्या थिनरसारखा वास आणि नाका-ओठांच्या कडेला पुरळ, एवढ्यावरून ते ओळखू येते. त्यातल्या टोल्युइनसारख्या द्रावकाने चेतातंतूंचे आवरण झिजते आणि हृदयाची लय बिघडून पहिल्याच वेळी मृत्यू येऊ शकतो. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत हुंगण्याचे पदार्थ हा एकच प्रकार असा निघाला की, ज्याचे प्रमाण प्रौढांपेक्षा मुलांत जास्त होते : प्रौढांत ०.५८ टक्के, तर १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के. आपल्या मुलाच्या बाबतीत यातले काही असेलच असे नाही, पण विचारले पाहिजे. आणि ते त्याच्याशी एकट्याने बोलणाऱ्या डॉक्टरने किंवा समुपदेशकाने विचारले तर खरे उत्तर मिळण्याची शक्यता जास्त.

त्याच्या ‘झोप लागते’ या वाक्याकडे दुर्लक्ष करू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. विट्याच्या शाळेत पहिल्या दोघांत येणारा मुलगा एकाएकी शेकडो हुशार मुलांच्या क्लासमध्ये येतो, दर चाचणीनंतर भिंतीवर क्रमवारी लागते, खोलीवर बोलायला घरचे कोणी नाही, रात्री दोनपर्यंत डोळा लागत नाही आणि मोबाइल हातात. अशा वेळी शेजारच्या खोलीतला मोठा मुलगा एक झुरका देतो आणि त्या रात्री खरोखरच झोप लागते. इथपर्यंत त्याचा अनुभव खरा आहे. पण काही आठवड्यांत मेंदू त्याला सरावतो, झोपेतला स्वप्नांचा टप्पा आखडतो आणि न ओढलेल्या रात्री झोप पूर्वीपेक्षाही वाईट होते. बंद केल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांतच चिडचिड, अस्वस्थता, भूक मंदावणे, घाम आणि विचित्र, ठसठशीत स्वप्ने सुरू होतात; पहिल्या आठवड्यात हा त्रास सर्वांत जास्त असतो आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतो, झोपेला कधी त्याहून अधिक वेळ लागतो. या दिवसांत मुलगा म्हणतो, ‘बघ, त्याच्याशिवाय मला झोपच येत नाही.’ प्रत्यक्षात तो गांजा सुटण्याचा त्रास असतो. त्याला आधी हे समजावून सांगितले असेल तर तो दोन आठवडे निभावून नेतो. सांगितले नसेल तर चौथ्या रात्री पुन्हा पुडी शोधतो. आणि मुळात झोप का उडाली होती, चिंता होती की नैराश्य की केवळ दिनक्रम बिघडला होता, हे शोधून त्यावर उपचार केल्याशिवाय गांजा सुटला तरी टिकत नाही.

त्याच्याशी बोलणे आपणच सुरू करावे, पण रविवारी संध्याकाळी निघायच्या गडबडीत किंवा तो नशेत असताना नव्हे. आधी आपण दोघांनी आपसांत ठरवावे, कारण आई रडते आणि वडील पट्टा काढतात असे दृश्य झाले की मुलाला दोघांपासूनही लपवायचे एवढेच कळते. ‘तुझ्या सॅकमध्ये ते सापडले तेव्हा मी फार घाबरले. मला आज ओरडायचे नाही. तुला झोप कधीपासून येत नाही, ते आधी सांग,’ अशी सुरुवात केली तर पुढे बोलणे होते. काकांच्या आजाराविषयी त्याला आता मोकळेपणाने सांगा. घराण्याची अब्रू म्हणून अशा गोष्टी मुलांपासून दडवल्या जातात आणि ज्या माहितीवर त्याने स्वतः निर्णय घ्यायचा, तीच त्याच्यापाशी नसते. ‘तूही काकांसारखा होशील’ असा शाप मात्र त्यात नको; ‘आपल्या घरात हा आजार आहे, म्हणून तुझ्यासाठी हा पदार्थ इतरांपेक्षा जास्त धोक्याचा आहे’ असे साध्या शब्दांत सांगावे. पैसे रोख देण्याऐवजी मेस आणि खोलीभाडे आपण परस्पर द्यावे. शक्य असेल तर पुढचे काही आठवडे आपण किंवा आजी त्याच्या खोलीवर राहायला जावे. गरम जेवण आणि रात्री अकराला बंद होणारा दिवा, यांचा उपयोग मी अनेक घरांत पाहिला आहे. खोली सोडवून त्याला कायमचे विट्याला आणावे का, हे त्याच्याशी बोलून ठरवावे. काही मुलांना त्याने हायसे वाटते, काहींना ती शिक्षा वाटते.

घरी, त्याला न सांगता, लघवीची तपासणी करू नये. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या पट्टीवर एकदा ओढलेला गांजा साधारण तीन दिवस दिसतो, रोज ओढणाऱ्यात मात्र बंद केल्यावरही महिनाभर दिसू शकतो. म्हणजे खरोखर सोडलेल्या मुलाची पट्टीही तो खोटे बोलतो असे दाखवील आणि आपण त्याच्यावर विश्वास ठेवणार नाही. उलट व्हाइटनरसारखे पदार्थ त्या पट्टीवर दिसतच नाहीत. किती, कशासाठी आणि कोणाबरोबर, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर ती देत नाही. उपचार सुरू झाल्यावर मुलाच्या संमतीने, आधी ठरवून तपासणी केली तर तिचा चांगला उपयोग होतो, आणि काही मुले स्वतःच ती मागतात, कारण मित्रांपुढे ‘माझी टेस्ट असते’ हे नकाराचे सोपे कारण मिळते.

केंद्रात टाकण्याबाबत माझे मत स्पष्ट आहे : आपण वर्णन केलेल्या अवस्थेत, आणि त्या पद्धतीने, मुळीच नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ८७ नुसार अठरा वर्षांखालील मुलाला दाखल करणे हा अपवाद मानला आहे. त्यासाठी पालकाचा अर्ज लागतो, दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावे लागते, मुलाला प्रौढ रुग्णांपासून वेगळे ठेवावे लागते आणि पालकाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने पूर्ण काळ त्याच्याजवळ राहावे लागते. रात्री गाडी घेऊन येऊन मुलाला उचलून नेणारी आणि पालकांना भेटू न देणारी जागा यात कुठेच बसत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी, सोळा वर्षांचा मुलगा प्रौढ दारुड्यांत आणि इंजेक्शने घेणाऱ्यांत सहा महिने राहिला, तर ज्या पदार्थांची नावेही त्याला माहीत नव्हती ते त्याच्या ओळखीचे होतात, अकरावीचे वर्ष जाते आणि घराने फसवून पाठवले ही सल राहते. त्या सलीवर उपचार करणे मला गांजावरच्या उपचारापेक्षा अवघड गेले आहे. दाखल करण्याची गरज काही वेळा असतेच : भ्रम-संशयाची लक्षणे, आत्महत्येचे विचार, इंजेक्शनने नशा, एमडीचा सततचा वापर, किंवा बाह्यरुग्ण उपचार नीट करूनही न सुटणे. अशा वेळी सरकारी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग किंवा नावाजलेली संस्था निवडावी. साताऱ्याची ‘परिवर्तन’ ही डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेली संस्था आणि पुण्याचे १९८६ पासून चालणारे ‘मुक्तांगण’ यांचे काम सर्वांना ठाऊक आहे. कुठेही जाण्यापूर्वी अल्पवयीन मुलांसाठी तिथे काय सोय आहे आणि मनोविकारतज्ज्ञ किती वेळा पाहतात, हे फोनवर विचारून घ्यावे.

इथपर्यंतचे सार एवढेच की, वय आणि घरातला आजार यांमुळे आपल्या मुलाने गांजा पूर्ण बंद करणे आवश्यक आहे, कमी करणे पुरेसे नाही. आणि ते घरी राहून, शिक्षण चालू ठेवून, नियमित भेटींतून होण्यासारखे आहे. गांजाचे व्यसन सोडवणारी हमखास गोळी अद्याप नाही. झोप, चिंता किंवा नैराश्य यांसाठी गरजेप्रमाणे काही काळ औषध देतात. मुख्य उपचार म्हणजे बोलणे, मुलाचे स्वतःचे कारण शोधणे, ओढ येते ते प्रसंग ओळखून त्यांना पर्याय तयार करणे, आणि आई-वडिलांनाही त्यात सामील करणे. पहिल्या भेटीत मी मुलाला एकट्याला भेटतो आणि आई-वडिलांसमोरच त्याला सांगतो की, तुझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल तेवढेच मी घरी सांगीन, बाकीचे नाही. पालकांना हे आवडत नाही, पण याशिवाय मुलगा बोलत नाही. मध्ये एखाद्या वेळी तो पुन्हा ओढेल. तेव्हा ‘पालथ्या घड्यावर पाणी’ म्हणून उपचार सोडू नयेत. कोणत्या प्रसंगी घसरला ते पाहून पुढची तयारी करता येते. सोडल्यानंतर काही आठवड्यांत वाचलेले लक्षात राहू लागते, आणि परीक्षेच्या तयारीतल्या मुलाला याहून मोठे बक्षीस मी दुसरे पाहिलेले नाही.

पोलिसांविषयी आपण विचारले आहे. ती पुडी पुरावा म्हणून घरात ठेवू नका. मुलासमोर संडासात टाकून पाणी सोडा. गांजा जवळ बाळगणे हा १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानुसार गुन्हा आहे, मात्र अल्पवयीन मुलाचे प्रकरण नेहमीच्या न्यायालयात न जाता बाल न्याय मंडळापुढे जाते. नशा करणाऱ्याने स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेतले, तर किरकोळ प्रमाणासाठी खटल्यापासून संरक्षण देणारे कलम ६४-अ त्याच कायद्यात आहे. मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्यासाठी बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७७ मध्ये सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. विकणाऱ्याची माहिती १९३३ या हेल्पलाइनवर देता येते. मुलाच्या वडिलांनी विकणाऱ्याकडे जाऊन स्वतः जाब विचारू नये.

लगेच भेट मिळाली नाही तर १४४१६ या टेलिमानस (मानसिक आरोग्य हेल्पलाइन) क्रमांकावर किंवा १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन करून बोलावे; दोन्ही विनामूल्य आहेत. सांगलीचे सिव्हिल आणि मिरजेचे शासकीय रुग्णालय इथे मानसोपचाराची ओपीडी आहे. येताना दिरांच्या जुन्या केसपेपरची झेरॉक्स आणावी, आणि वडिलांनीही यावे.

एका बाबतीत मात्र ओपीडीच्या वाराची वाट पाहू नये. मुलगा रात्र-रात्र जागू लागला, एकटाच पुटपुटू किंवा हसू लागला, कोणी पाठलाग करते, जेवणात काही घालते, मोबाइलमधून ऐकते असे म्हणू लागला, किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलला, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, सिव्हिलच्या अपघात विभागात आणावे. त्याच्या संशयावर वाद घालू नका आणि ‘हो, आहे खरे’ असेही म्हणू नका. ‘तुला भीती वाटते आहे, आपण डॉक्टरांकडे जाऊ, मी बरोबर आहे’ एवढेच म्हणावे. त्याला मोटारसायकलवर मध्ये बसवून आणू नका. चारचाकी घ्या किंवा १०८ ला फोन करा, दोन मोठी माणसे सोबत असू द्या, आणि मागच्या सीटवर त्याच्या शेजारी ज्याचे तो ऐकतो त्याला बसवा.